बाबा, सूचना आधी घ्यायच्या की शेवटी

प्रिय बाबा, आई आणि लहान्या,
जय ख्रिस्त.

बाबा, तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला, रविवारच्या उपासनेत सूचना आधी घ्यायच्या की शेवटी, लय मोठा होता, आणि त्यातला अर्ध्याच्या वर चर्चला उशिरा येणाऱ्या लोकांवरच. फोन केला की तुम्ही म्हणता ठेव आता बिल येईल, व्हॉट्सअॅपला बिल येत नाही हे किती वेळा सांगू, म्हणून आता लिहूनच पाठवते, लहान्या वाचून दाखवेल. लहान्या, नीट वाच, मधलं गाळू नको.

मला सगळं दिसते बरं का. लहान्या रविवारी फोन खिडकीत ठेवते, तिकडे दहा म्हणजे इथे इंग्लंडात आता थंडीत पहाटेचे साडेचार, नाईट ड्युटीचा ब्रेक जमला की मी स्टाफरूममध्ये कानात वायर घालून पाहत बसते. पहिल्या गीताला बाकावर कोण, तर पाळकसाहेबांच्या घरचे, तुम्ही, आई आणि समोर सतरंजीवर संडे स्कूलची पोरं. मग तुम्ही उठता, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसता, रजिस्टर उघडता आणि सूचना वाचता. पोरं एकमेकांना चिमटे काढून राहिली, आई त्यांच्याकडे डोळे वटारून राहिली, ऐकते कोण? तुमचं रजिस्टर मिटलं की दारात चपलांचा ढीग वाढायला लागते आणि साहेब संदेशाला उभे राहिले की मागे उभं राहायलाही जागा नसते.

बरं त्या आजीच्या घरच्या प्रार्थनेचं लहान्याने सांगितलं ते ऐकून मी हसू की रडू असं झालं. गुरुवारची कॉटेज प्रार्थना, म्हणजे कोणाच्या तरी घरी होते ती, बुधवारवर आणली, तुम्ही ते बरोबर वाचलं, आजीने बुधवारी परातभर पोहे भिजवले, शेजारून कप मागून आणले, आणि आले साहेब, तुम्ही अन् आई. गुरुवारी मात्र महिला मंडळ अख्खं दारात उभं, गीतांची पुस्तकं घेऊन, आणि म्हातारी वावरात गेलेली. आता याच्यात चूक कोणाची म्हणायची? तुम्ही म्हणता त्यांची, वेळेवर आल्या असत्या तर कळलं असतं. बरोबर आहे. पण पोहे तर वाया गेले ना बाबा.

आणि त्याच्यावर तुमचा उपाय काय, तर दुसऱ्या घंटेनंतर दार बंद आणि उशिरा येईल त्याला 10 रुपये दंड. बायबलातला दहा कुमारींचा दाखला पण काढलाच तुम्ही, उशिरा आलेल्यांना दार उघडलं नाही तो, दार लागलं म्हणजे लागलं. मग मी द्राक्षमळ्याचा काढते, संध्याकाळी शेवटी आलेल्या मजुराला पण पूर्ण रोजी भेटली, मत्तयाच्या शुभवर्तमानातच आहे, पाच अध्याय आधी. दोघं दाखले घेऊन भांडत बसलो तर दिवस जाईल.

दंडाचं म्हणाल तर तो प्रयोग या लोकांनी करून पाहिलेला आहे. इथल्या चर्चमध्ये एक म्हातारे वॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारे, आहेत, इतिहासाचे रिटायर मास्तर, दारात कागद वाटतात आणि कोणी थांबलं की सोडत नाहीत. त्यांनी सांगितलं, 1559 च्या कायद्याने इंग्लंडात रविवारी चर्चला आलं नाही की 12 पेन्स दंड होता, आणि ते पैसे गरिबांच्या मदतीला जायचे. उशिरा येणाऱ्याला नाही हं, न येणाऱ्याला. आता बाकं पाहिली तर दंड करून काही माणसं टिकली असं दिसत नाही. आपल्याकडे निदान लोक येऊन तर राहिले, उशिरा का होईना.

आता ते उशिरा काहून येतात ते पण बघा ना. कापूस फुटला आहे, वेचाईचे पैसे किलोवर, ज्या बाईने सकाळी एक फेरी मारली तिचे तेवढेच पैसे, रविवार आहे म्हणून बोंड थांबते का. ज्याच्या मोटारीला रात्रीची लाईन आहे तो रात्रभर ओलीत करून पहाटे टेकते. पलीकडच्या खेड्यावरची माणसं एसटीवर, एसटी कधी येईल ते देवाला माहीत. आणि सगळ्यात मोठं, रागवू नका, पण दुसरी घंटा कधी वाजते? साहेबांची मोटरसायकल नाल्याच्या पुलावर दिसली की. साहेब आधी दुसऱ्या गावची उपासना उरकून येतात, त्यांचा दोष नाही, पण लोकांनी घड्याळ सोडून मोटरसायकल धरली आहे. आजोबा सांगायचे ना, सेमिनरी, म्हणजे पाळक घडवायची शाळा, यवतमाळला होती तेव्हा रविवारी विद्यार्थी संदेशाला यायचे आणि एसटी आली की उपासना सुरू. सेमिनरी 1983 ला पुण्याला गेली, सवय आपल्याकडेच राहिली.

आणि लोक हुशार आहेत बाबा. त्यांना पक्कं माहीत आहे की सुरुवातीला दोन गीतं, मग तुमचं रजिस्टर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिट काही बुडत नाही. तुम्ही म्हणता ते उशिरा येतात म्हणून सूचना वाया जातात. मला तर उलटं वाटते, सूचना आधी आहेत म्हणून ते उशिरा येतात.

मग शेवटी ठेवा म्हणाल, तर त्याचंही ऐका. माझ्यासोबत एक मल्याळी नर्स आहे, कॅथलिक, त्यांच्याकडे मिस्साचा, म्हणजे त्यांच्या उपासनेचा, नियमच आहे की सूचना द्यायच्या तर कम्युनियननंतरची, म्हणजे प्रभुभोजनानंतरची, प्रार्थना झाली की, शेवटच्या आशीर्वादाच्या आधी. ऐकायला चांगलं वाटते. ती म्हणते कम्युनियन घेतलं की अर्धे लोक रांगेतूनच सरळ पार्किंगला जातात, बसतात फक्त म्हातारे आणि ज्यांना चहा पाहिजे ते. म्हणजे तुमच्याकडे पुढून गळते, त्यांच्याकडे मागून.

मी जाते ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, तिथे पण सध्या शेवटीच घेतात, आशीर्वादाच्या आधी, दोन मिनिट. पण मास्तरांनी एकदा जुनं प्रार्थनेचं पुस्तक उघडून दाखवलं, 1662 चं, त्यात प्रभुभोजनाच्या उपासनेत सूचनांची जागा छापलेलीच आहे, या आठवड्यात कोणता सण, कोणता उपास, प्रभुभोजन कधी, हे सगळं मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणून झाल्यावर आणि उपदेशाच्या आधी सांगायचं. अगदी मधात. तोपर्यंत येणारा आलेला असते आणि उपदेश बाकी असल्यामुळे जाणारा उठत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात हे आलं होतं, मला तर लय आवडलं.

दुसरं लग्नाच्या घोषणेचं. इथे चर्चमध्ये लग्न करायचं तर आजही नावं तीन रविवार वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मूळ हेतू हरकतीचा, पण तीन वेळा वाचलं म्हणजे एका रविवारी जो नव्हता त्याच्याही कानावर पडते. लोक दांड्या मारणार हे आधीच धरून चालले आहेत! आणि आपण एकदा वाचतो, रिकाम्या बाकांसमोर, आणि म्हणतो सांगितलं होतं.

अजून एक मजा, पूर्वी इथे चर्चमध्ये गावाच्या करवसुलीच्या, मीटिंगच्या अशा सगळ्या नोटिसा उपासनेत मोठ्याने वाचायचे. मग 1837 ला कायदा करून ते बंद केलं, की वाचू नका, लिहून चर्चच्या दाराला लावा. त्या दारात आजही बोर्ड आहे, फुलं कोण आणणार त्याची यादी, कोणाची मांजर हरवली ती पण. उशिरा येणारा आत शिरताना वाचते, लवकर पळणारा जाताना.

म्हणून मला काय वाटते ते सांगते, पटलं तर मीटिंगमध्ये ठेवजा. शास्त्रवाचन झालं की एक गीत असते, त्या गीतात बाहेर थांबलेल्या सगळ्यांना आत घ्यायचं, प्रार्थनेत आणि वाचनात नाही, दारात तरुण संघाचा एक पोरगा उभा करायचा, आणि मागचे दोन बाक त्यांच्यासाठी मोकळे ठेवायचे. आता काय होते, वेळेवर आलेले सगळे मागे भिंतीला टेकून बसतात आणि लेकरू कडेवर घेतलेली बाई उशिरा आली की सगळ्यांच्या नजरा झेलत वेदीपर्यंत चालते. तिला तोच दंड पुरेसा आहे. गीत संपलं की सगळे बसतात, तेव्हा तुम्ही उठायचं, आणि फक्त जे या आठवड्यात बदललं ते, कोण आजारी, कोणाची माती, कोणती प्रार्थना कुठे. मग लगेच संदेश. वार बदलला असेल तर नुसतं वाचू नका, एखाद्या बाईला विचारा, काकू सांगा बरं प्रार्थना कधी आहे. आमच्या वॉर्डात ड्युटी बदलताना असंच असते, पेशंटची महत्त्वाची गोष्ट तोंडाने सांगतात, कागदावर पण असते, आणि घेणारीने समजलं म्हणेपर्यंत देणारी घरी जात नाही.

नाताळचा प्रोग्राम, कॅरोलची टोळी कोणत्या रात्री कोणत्या मोहल्ल्यात, हे आतापासून तीन रविवार वाचा आणि फळ्यावर लिहा. संडे स्कूलचा फळा आठवडाभर तसाही रिकामाच असते. ग्रुपवर लहान्या टाकेलच, पण ग्रुपवर म्हाताऱ्या नाहीत आणि पोहे त्याच करतात.

राहिली उपकारस्तुतीच्या दानांची यादी. नातवाच्या वाढदिवसाचे 51, नवीन बोअरला पाणी लागलं म्हणून 101, मुलगी पास झाली म्हणून 21. खरा वेळ तिथे जाते बाबा, आणि ती बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, आई पण मला घरात घेणार नाही. तर ती शेवटी ठेवा, आशीर्वचनाच्या आधी. ज्याचं नाव यायचं आहे तो कुठे पळत नाही, आणि त्याच्या घरचे पण नाही.

आणि हो, इथले सगळे वेळेचे पक्के आहेत असं आईने शेजारी सांगत फिरू नये. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, फोनवाल्यांचं आपोआप होते, पण गेल्या वेळी एक आजी भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून, टोपी-बिपी घालून आली तेव्हा शेवटचं गीत सुरू होतं. कोणी काही म्हटलं नाही, चहा दिला. सूचनांचा कागद मात्र मास्तरांनी आधी हातात ठेवला.

इकडे थंडी सुरू झाली, चार वाजता अंधार. आईने विचारलं होतं तर स्वेटर आहेत, पाठवू नको, तिखट पाठव, पण घरचंच. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्या, उपासनेनंतर नाही. मीटिंगमध्ये काय ठरलं ते लहान्याकडून कळवा, आणि त्या आजीला आधी विचारून पुढची तारीख पक्की करा, यावेळी तिच्या पोह्यांचे पैसे मी पाठवते.

तुमची
मोठी