शिकारी आणि सावज ठीक आहे, पण तिसऱ्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वन्यप्राण्यांच्या बातम्या मी आवर्जून वाचते, तुमच्या पेपरातल्या आणि इतरही, आणि त्यात बऱ्याच दिवसांपासून एक गोष्ट खटकतेय म्हणून हे पत्र. बातमी कुठल्याही प्राण्याची असली तरी हिशोब एकच असतो, शिकारी वाढले म्हणून सावज कमी झालं, शिकारी कमी केले की सावज वाढेल, विषय संपला. शाळेत शिकवलेली फूड चेन म्हणजे गवत, हरीण, वाघ अशी सरळ रेघ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलीय आणि बातमीपण त्याच रेघेवरून चालते. पण जंगल असो नाहीतर समुद्र, दोन प्राण्यांचा मामला दोघांपुरता राहतच नाही, मध्ये कोणीतरी तिसरा असतो आणि कितीतरी वेळा सगळ्यात मोठा फरक त्या तिसऱ्यामुळे पडतो, किंवा त्याच्यावर पडतो.

सगळ्यात भारी उदाहरण केनियाचं. तिथल्या लायकिपिया भागात बाभळीच्या कुळातलं एक काटेरी झाड मैलोन्‌मैल पसरलंय. त्याच्या फुगीर पोकळ काट्यांमध्ये मुंग्या राहतात, झाड त्यांना राहायला जागा आणि मधासारखा गोड रस देतं आणि बदल्यात हत्ती फांदी ओढायला आला की मुंग्या त्याच्या सोंडेत घुसून चावतात, एवढा अवाढव्य प्राणी मुंग्यांना घाबरून झाड सोडून देतो. मग बाहेरून मोठ्या डोक्याची एक परकी मुंगी आली, तिने या राखणदार मुंग्या मारून खाल्ल्या आणि स्वतः मात्र झाडाची काहीच राखण केली नाही. हत्तींना रान मोकळं मिळालं. जिथे परकी मुंगी पोचली तिथे हत्तींनी झाडं मोडायचं प्रमाण पाच ते सात पट झालं. झाडं गेली तसं माळरान उघडं पडलं. आता सिंह झेब्र्याची शिकार दबा धरून करतो, त्याला आडोसा लागतो, आणि आडोसाच गेल्यावर झेब्र्याला तो लांबूनच दिसायला लागला. 2024 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ओल पेजेटा अभयारण्यातले आकडे आहेत, 2003 साली सिंहांनी मारलेल्या प्राण्यांत 67 टक्के झेब्रे होते, 2020 मध्ये ते 42 टक्क्यांवर आले, आणि आधी शून्यावर असलेले रानरेडे 42 टक्क्यांवर गेले. सिंहांची संख्या मात्र घटली नाही, त्यांनी सावज बदललं. रानरेडा मारणं झेब्र्यापेक्षा कितीतरी अवघड आणि धोक्याचं असतं त्यामुळे हे पुढे किती वर्षं जमेल ते बघायला लागेल. आता विचार करा, ज्याने फक्त सिंह आणि झेब्रे मोजले असते त्याला याचं कारण जन्मात सापडलं नसतं, कारण ते एका इवल्याशा मुंगीत होतं.

याच झाडाची दुसरी बाजू पण सांगते. केनियातच काही तुकड्यांना इलेक्ट्रिक कुंपण घालून हत्ती, जिराफ असे झाडपाला खाणारे सगळे मोठे प्राणी बाहेर ठेवले होते. झाडं खुशाल वाढतील असंच कोणालाही वाटेल ना? दहाएक वर्षांनी बघितलं तर झाडांनी मुंग्यांवरचा खर्च कमी केला होता, पोकळ काटे कमी, गोड रस कमी, कारण राखणीची गरजच उरली नव्हती. मग चांगल्या राखणदार मुंग्या कमी झाल्या, त्यांच्या जागी आळशी जातीची मुंगी आली जिला खोड पोखरणारे भुंगेरे चालतात, आणि झाडं हळू वाढायला लागली, मरायलापण जास्त लागली. म्हणजे खाणारा दूर केला तर खाल्ल्या जाणाऱ्याचंच नुकसान झालं. 2008 मध्ये हा रिझल्ट आला तेव्हापासून मला तरी कुंपण घालून वाचवलं असं कोणी म्हटलं की लगेच पटत नाही.

हे सगळं शोधायची खरी सुरुवात रॉबर्ट पेन या अमेरिकी संशोधकाने केली असं म्हणायला हरकत नाही. 1963 मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्याने एका खडकावरचे तारामासे उचलून समुद्रात भिरकवायला सुरुवात केली, शेजारचा खडक तसाच ठेवला, आणि वर्षानुवर्षं हेच करत बसला. तारामासा तिथला मुख्य शिकारी, शिंपले त्याचं आवडतं खाणं. शिकारी गेल्यावर बाकी सगळ्यांची चंगळ व्हायला हवी होती, झालं उलटंच. शिंपल्यांनी खडकावरची सगळी जागा बळकावली आणि 15 जाती होत्या तिथे 8 उरल्या. ज्या गेल्या त्यातल्या काहींना तारामासा खातही नव्हता, त्यांना फक्त बसायला जागा हवी होती आणि ती जागा तारामाशाच्या खाण्यामुळे मोकळी राहत होती. जागेसाठीची मारामारी ही खाण्याच्या मारामारीइतकीच मोठी असते, पण आपल्या बातम्यांमध्ये तिचा उल्लेख क्वचितच येतो.

अलास्काकडच्या अल्यूशियन बेटांवरही तेच, तिथे समुद्री ऑटर, म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, हा शिकारी, काटेरी गोळ्यासारखं सी अर्चिन हे त्याचं सावज आणि सी अर्चिन खातं केल्प, म्हणजे पाण्याखाली उंच वाढणाऱ्या शेवाळाचं जंगल. फरसाठी ऑटर मारून मारून जवळपास संपवले होते, 1911 च्या करारानंतर ते काही बेटांवर परत वाढले, काहींवर नाही. 1970 च्या दशकात दोन्ही प्रकारच्या बेटांची तुलना झाली तेव्हा ऑटर असलेल्या बेटांभोवती केल्पचं दाट जंगल आणि नसलेल्या ठिकाणी सी अर्चिननी खरवडून काढलेला उघडा तळ असं स्पष्ट दिसलं. केल्पच्या आडोशाला मासे राहतात, म्हणजे ऑटर नसला की माशांचंपण घर जातं. आणि एवढ्यावर थांबत नाही, 1990 च्या दशकात किलर व्हेल ऑटर खायला लागले असं संशोधकांनी मांडलं, तिथले ऑटर झपाट्याने कमी झाले आणि केल्प परत उजाड व्हायला लागलं. साखळीत वर एक कडी जोडली की खालचं सगळं उलटं होतं.

आणि शिकारी काही मारूनच परिणाम करतो असं नाही, नुसता आसपास असला तरी पुरे. यावर एक प्रयोग झालाय तो मला फार आवडतो. कोळ्यांची तोंडं चिकटवून टाकली, म्हणजे त्यांना चावताच येणार नाही, आणि त्यांना नाकतोड्यांमध्ये सोडलं. एकही नाकतोडा मारला गेला नाही तरी नाकतोडे घाबरून राहिले, खाणं बदललं आणि त्यामुळे कुठली झाडं वाढणार कुठली नाही तेपण बदललं. कॅनडात पक्ष्यांवर याहून मोठा प्रयोग झाला, 2011 मध्ये प्रसिद्ध झाला तो. चिमण्यांसारख्या सॉंग स्पॅरो या पक्ष्यांच्या घरट्यांना जाळ्या आणि कुंपण लावून खऱ्या शिकाऱ्यांपासून वाचवलं आणि स्पीकरवर विणीच्या हंगामात शिकाऱ्यांचे फक्त आवाज ऐकवले. वर्षभरात पिल्लं 40 टक्के कमी झाली, अंडी कमी, उबवणं कमी, चारा भरवायच्या फेऱ्या कमी, सगळं नुसत्या भीतीने. एकही पक्षी कोणी खाल्ला नाही. त्यामुळे वर्षाला किती जनावरं मारली यावरून शिकाऱ्याचा प्रभाव मोजणं हे मुळातच अपुरं आहे.

आता ज्या उदाहरणाचा सगळ्यात जास्त गवगवा होतो त्याबद्दल, कारण इथे मला आपल्यासारख्या निसर्गप्रेमी लोकांशीच थोडं भांडायचंय. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे 1926 पर्यंत संपवले गेले, 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, मग एल्क हरणं कमी झाली, झाडं वाढली, बीव्हर (ओढ्यांवर लाकडांची धरणं बांधणारे प्राणी) परतले, नद्यासुद्धा सुधारल्या, अशी गोष्ट फिरते आणि ऐकायला फार छान वाटते. त्यात खरं बरंच आहे, एल्क खरोखर कमी झाली, लांडग्यांनी कायोटींना (कोल्ह्यासारखे प्राणी) दाबलं, त्यांनी मारलेल्या एल्कवर कावळ्यांपासून अस्वलांपर्यंत सगळे जगतात. पण एल्क कमी व्हायला प्यूमा, अस्वलं, पार्कबाहेरची माणसांची शिकार आणि दुष्काळ हेपण होते. आणि ओढ्याकाठची विलोची झाडं सगळीकडे परत आलीच नाहीत. मधल्या 70 वर्षांत बीव्हर गेले होते, त्यांची धरणं गेली, ओढे खोल कापत गेले आणि पाण्याची पातळी खाली गेली. 20 वर्षं चाललेल्या प्रयोगात दिसलं की नुसतं चरणं थांबवून भागत नाही, पाणीपण वर आणावं लागतं तेव्हाच विलो उंच होतं. म्हणजे विलो वाढायला बीव्हर हवा आणि बीव्हर टिकायला विलो हवं, हा पेच नुसते लांडगे आणून सुटत नाही. ही गोष्ट अर्धी सांगितली की लोकांना वाटतं आज संपवलं तरी चालेल, उद्या आणून सोडू की. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आयल रॉयल नावाचं बेट आहे अमेरिकेत सुपीरियर सरोवरात, तिथे लांडगे आणि मूस (एक मोठं हरीण) यांची मोजणी 1958 पासून चालू आहे. इतकं साधं ठिकाण, एक शिकारी, एक मोठं सावज, पाण्याने वेढलेलं, तिथे तरी दोघांचा हिशोब लागायला हवा होता. 1980 ते 1982 मध्ये पार्वोव्हायरस आला, कुत्र्यांमधला रोग तो, आणि 50 लांडग्यांचे 14 झाले. मूस वाढत गेले, 1995 पर्यंत 2,400 च्या आसपास, आणि पुढच्याच कडक हिवाळ्यात उपासमारीने कोसळले. तिथल्या फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या खोडातल्या वलयांवरसुद्धा लांडग्यांच्या संख्येचा ठसा सापडतो, लांडगे कमी तेव्हा मूस जास्त आणि वलयं बारीक. नंतर सरोवरावर बर्फाचा पूल कमी वेळा बनायला लागला, बाहेरून नवे लांडगे येईनात, आपसातच वीण होऊन शेवटी दोनच उरले, म्हणून 2018 आणि 2019 मध्ये 19 लांडगे आणून सोडावे लागले. एक विषाणू आणि थोडा कमी बर्फ, एवढ्याने इतक्या वर्षांच्या आकड्यांचा नूर बदलला. लांडगे आणि मूस या दोनच रेघा बघितल्या असत्या तर यातलं अर्धंही कळलं नसतं.

गिधाडांचं उदाहरण तर आपल्याच उपखंडातलं. गिधाड कोणाला मारत नाही म्हणून ते या चर्चेत येतच नाही, पण जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे ती 1990 च्या दशकापासून मरत गेली, काही जातींची 95 टक्क्यांहून जास्त संख्या गेली, 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं तोपर्यंत उशीर झाला होता, आणि मेलेली जनावरं साफ करायला गिधाडं नाहीत म्हटल्यावर ते खाणं कुत्र्यांना मिळायला लागलं. मारणारा, मरणारा आणि मेलेलं खाणारा, तिघांनाही धरूनच हिशोब करायला हवा.

तर माझी विनंती अशी. पुढच्या वेळी कुठल्या शिकारी प्राण्याची संख्या वाढली किंवा घटली अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराने तज्ज्ञाला एवढं तरी विचारावं की हा प्राणी आणखी कोणाला दाबून ठेवतो, त्याचं उरलेलं कोण खातं, आणि तो गेला तर जागा कोण घेईल. उत्तर दोन ओळींचं असलं तरी छापा. आणि आलेख छापणार असाल, तुम्ही छापता ते फार चांगलं करता, तर त्यात शिकारी आणि सावज या दोन रेघांसोबत तिथल्या गवताची किंवा झाडांचीपण रेघ टाका, आकडे मिळत असतील तिथे नक्की टाका.

आपली नम्र,
एक नियमित वाचक