"तो अजून आतच आहे ना?"

बर्लिन,
18 ऑगस्ट 2024

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही तावातावाने बोलत होतात आणि मी नुसती "हं, हं" करत होते, त्यावरून आईला वाटलं आपलं बिनसलं. बिनसलं काही नाही. पण फोनवर तुमच्याशी वाद घालणं म्हणजे अजूनही सत्र न्यायालयात उभं राहणं आहे, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही तुम्ही. म्हणून कागद घेतला. इथे मध्येच हरकत घेता येणार नाही.

तुमचं म्हणणं असं, की जन्मठेप झालेल्या रशियन खुन्याला कैद्यांच्या अदलाबदलीत ज्या जर्मन सरकारने विमानात बसवून परत पाठवलं, त्याने आपल्याच न्यायालयाचा पाणउतारा केला. आणि हे सांगत होतात कुणाला, तर त्या खुनाच्या जागेवरून रोज सायकलने कामाला जाणाऱ्या मला.

क्लायनर टिअरगार्टन फार मोठी बाग नाही. मोआबिट भागात रस्त्यांच्या मधोमध पडलेला झाडांचा लांबट पट्टा, बाकं, पोरांच्या सायकली, पेपर वाचणारे म्हातारे. 23 ऑगस्ट 2019 ला भर दुपारी झेलिमखान खांगोश्विली इथून नमाजाला निघाला होता. जॉर्जियाचा नागरिक, वंशाने चेचेन, रशियाविरुद्ध लढलेला, इथे आश्रय मागून राहिलेला. मागून एक जण सायकलवर आला, सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने त्याने गोळ्या घातल्या आणि निघून गेला. स्प्रे नदीच्या काठी झुडपाआड कपडे बदलून त्याने विग, पिस्तूल आणि सायकल पाण्यात टाकली. हे दोन पोरांनी बघितलं आणि पोलिसांना कळवलं, म्हणून तो सापडला. एवढा सगळा बंदोबस्त, आणि अडकला तो दोन पोरांच्या नजरेत. येत्या शुक्रवारी त्याला पाच वर्षं होतील. तेव्हाही शुक्रवारच होता.

त्या खुन्याचं नाव वादिम क्रासिकोव्ह. डिसेंबर 2021 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि हा खून रशियन सरकारच्या हुकमावरून झाला असं निकालात स्वच्छ म्हटलं. अपराध विशेष गंभीर असल्याचंही नोंदवलं. म्हणजे इथे पंधरा वर्षांनी सुटकेचा जो विचार होतो, तोही त्याच्या बाबतीत सहजी झाला नसता. प्रत्यक्षात अटकेपासून मोजले तरी पाच वर्षांना तीन आठवडे कमी पडले.

1 ऑगस्टच्या संध्याकाळी मी घरी टीव्हीसमोर होते. अंकाराच्या विमानतळावर देवाणघेवाण झाली. रशिया आणि बेलारूसकडून सोळा जण इकडे, आठ जण तिकडे. इकडे आलेल्यांत अमेरिकन पत्रकार इव्हान गेर्शकोविच, 2018 पासून आत असलेला अमेरिकन पॉल व्हेलन, पंचवीस वर्षांची शिक्षा भोगणारे पुतिनविरोधक व्लादिमीर कारा-मुर्झा, मानवी हक्कांसाठी आयुष्य घातलेले सत्तरीतले ओलेग ओर्लोव्ह आणि देशद्रोहाचा शिक्का बसलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगाही होता. तिकडे गेलेल्यांत अर्जेंटिनाचे म्हणून स्लोव्हेनियात राहिलेलं हेरांचं एक जोडपं, सोबत त्यांची दोन मुलं. आपण रशियन आहोत हे त्या मुलांना विमानात बसल्यावर कळलं म्हणे. पुतिननी त्यांना स्पॅनिशमध्ये नमस्कार केला, कारण रशियन त्यांना येतच नव्हतं.

रात्री एका चॅनेलवर कोलोन-बॉनचा विमानतळ, दुसऱ्यावर मॉस्कोचा. कोलोनला चॅन्सेलर शोल्त्स स्वतः गेले होते. मॉस्कोत लाल गालिचा, आणि विमानातून उतरलेल्या क्रासिकोव्हला पुतिननी मिठी मारली. इतकी वर्षं "आमचा याच्याशी संबंध नाही" म्हणणाऱ्या क्रेमलिनने दुसऱ्याच दिवशी तो आपल्या गुप्तहेर खात्याचा माणूस असल्याचं मान्य केलं. तुमच्या भाषेत, निकालानंतर अडीच वर्षांनी आरोपी पक्षाचा कबुलीजबाब. त्या मिठीने मलाही मळमळलं, हे कबूल करते.

आता कायद्याचा भाग. त्याला माफी दिलेली नाही, शिक्षा रद्द केलेली नाही. इथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 456 अ म्हणून कलम आहे: परदेशी कैद्याला देशाबाहेर काढायचं असेल तर उरलेल्या शिक्षेची अंमलबजावणी सरकारी वकिलांना थांबवता येते. तसं करायला सर्वोच्च सरकारी वकील तयार नव्हते. शेवटी कायदामंत्र्यांनी लेखी आदेश दिला. बसा आता त्या खुर्चीत, अण्णा. तुम्ही चालवलेला खटला, तुम्ही मिळवलेली जन्मठेप, आणि मंत्रालयातून आलेला कागद. तुम्ही सही केली नसतीत, मला ठाऊक आहे. मी केली असती.

का, ते सांगण्याआधी तुमचं कंदाहार. तुम्ही ते काढणार हे मला पत्र लिहायला बसण्याआधीच माहीत होतं. 24 डिसेंबर 1999 ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवलं, आठ दिवसांनी प्रवाशांच्या बदल्यात तुरुंगातल्या मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर यांना सोडलं, आणि परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह स्वतः कंदाहारला गेले. पुढे अझहरने जैश काढली, अमेरिकन पत्रकार डॅनियल पर्लच्या खुनात उमर शेखचं नाव आलं. इस्रायलचं उदाहरणही तसंच. 2011 मध्ये हमासने पकडलेल्या एका सैनिकासाठी, गिलाद शालितसाठी, 1,027 कैदी सोडले, त्यांतला एक याह्या सिनवार, पुढे हमासचा म्होरक्या. "सोडलेला माणूस परत येतो, पण घरी नाही, आपल्या दारावर," असं तुम्ही म्हणालात. याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. विमानातल्या दीडशेहून जास्त माणसांच्या नातेवाइकांनी दिल्लीत टाहो फोडला तेव्हा आपल्या घरी तुम्ही टीव्ही बंद केला होतात, मला आठवतं. तुम्हाला ते बघवत नव्हतं. तत्त्व तुमचं खणखणीत होतं, पण टीव्ही बंद केला होतात.

कंदाहारमध्ये ओलीस धरणारी टोळी होती. आता हे काम सरकारं करतात, तारीख-वार, शिक्के आणि न्यायाधीश यांच्यासह. मॉस्कोच्या विमानतळावर बॅगेत गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या म्हणून अमेरिकन बास्केटबॉल खेळाडू ब्रिटनी ग्रायनरला नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि चार महिन्यांत तिच्या बदल्यात रशियाने अमेरिकेच्या तुरुंगातला शस्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बूट मागून घेतला. ही शिक्षा नव्हती, भावाची पाटी होती. तुम्ही म्हणाल, मग गिऱ्हाइकाने दुकानाकडे फिरकूच नये. पण पाटीखाली बसलेल्या माणसाला दुकान बंद व्हायची वाट बघायला वेळ नसतो. पुतिनचा मुख्य विरोधक अलेक्सी नवाल्नीलाही 1 ऑगस्टच्या अदलाबदलीत आणायचं चाललं होतं असं त्याचे सहकारी सांगतात. 16 फेब्रुवारीला तो तुरुंगात मेला.

शिवाय जर्मनीला हे नवीन नाही. शीतयुद्धात पश्चिम बर्लिन आणि पूर्व जर्मनी यांच्या सीमेवर असलेला ग्लिनिके पूल माझ्या घरापासून लोकल ट्रेनने आणि मग बसने गाठता येतो. 1962 मध्ये तिथे सोव्हिएत हेर आबेल देऊन अमेरिकेने वैमानिक पॉवर्सला आणलं. पुलाच्या दोन्ही अर्ध्या भागांचे हिरवे रंग अजून वेगळे दिसतात, रेघ सापडते. पण मला पुलापेक्षा बसची गोष्ट जास्त बोलते. 1963 ते 1989 या काळात पश्चिम जर्मनीने पूर्व जर्मनीकडून तेहेतीस हजारांहून जास्त राजकीय कैदी अक्षरशः विकत घेतले, तीन अब्ज मार्कांहून जास्त मोल मोजून, बहुतेक मालाच्या रूपात. ज्या बसमधून त्यांना आणत तिच्या नंबरप्लेटा फिरणाऱ्या होत्या. सीमेआधी एक बटण दाबायचं, की पूर्वेची पाटी आत आणि पश्चिमेची बाहेर. पैशासाठीच तिकडे जास्त माणसं पकडली जात होती, असा आरोप तेव्हापासून आहे. असेलही. पण त्या बसमध्ये बसलेल्या एकाला तरी "तू तुरुंगातच राहायला हवं होतंस, तत्त्वाचा प्रश्न आहे" असं तोंडावर सांगता येईल का तुम्हाला? तुम्हाला येईल कदाचित. आईला येणार नाही.

बसमधल्या माणसाचंही काही म्हणणं असू शकतं, हे मात्र मला या वेळी पहिल्यांदा जाणवलं. 2 ऑगस्टला बॉनमध्ये पत्रकारांसमोर सुटून आलेला रशियन विरोधी नेता इल्या याशिन म्हणाला, की मी संमती दिलेली नव्हती, मला माझ्याच देशातून हद्दपार केलंय, आणि एक खुनी सुटला म्हणून मी सुटलो हे पेलणं जड आहे. सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका कमी आनंद मी पाहिला नव्हता. कारा-मुर्झांपुढे माफीचा अर्ज ठेवला होता, त्यांनी सही केली नाही. आणि विमानात नसलेल्यांचं तर कुणी विचारतच नाही. गांजा बाळगल्याबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झालेला अमेरिकन शिक्षक मार्क फोगेल मागेच राहिला. जूनमध्ये स्वीडनने इराणच्या 1988 च्या कैदी-हत्याकांडातला हमीद नूरी देऊन आपले दोघे परत आणले, पण फाशीची शिक्षा झालेले स्वीडिश-इराणी डॉक्टर अहमदरझा जलाली तिथेच. यादी कोण करतं, कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, हा मला खुनी सोडण्याइतकाच अवघड प्रश्न वाटतो.

कुलभूषण जाधवांचं तुम्ही म्हणालात, "आपण असले सौदे करत नाही." 2017 च्या सप्टेंबरात पाकिस्तानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ख्वाजा आसिफ न्यूयॉर्कमध्ये बोलले होते, की पेशावरच्या शाळेत मुलं मारणाऱ्या, अफगाणिस्तानात कैदेत असलेल्या दहशतवाद्याच्या बदल्यात जाधवांना सोडावं असा प्रस्ताव आपल्यापुढे आला होता. भारताने ते निव्वळ कल्पित म्हणून उडवून लावलं, अफगाणिस्ताननेही नाकारलं. पण घटकाभर खरं समजा. त्या सौद्यात खुनी सुटून घरी जात नव्हता, ज्यांची पोरं मेली त्यांच्या देशात जात होता. तुमच्या कुठल्याच कलमात हरकत बसत नाही, बघा. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या, मध्ये काच. आत जाण्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. हे सगळं आपल्या परराष्ट्र खात्यानेच सांगितलं. ते वाचून आई दिवसभर कुणाशी बोलली नव्हती, हे तुम्हीच मला कळवलं होतंत.

तर, मी सही केली असती. पण सही करून मी गप्प बसले नसते, आणि इथे तुमचं-माझं कदाचित जुळेल.

आपल्याकडे दर दिवाळीनंतर ते काका यायचे, आठवतात? पांढरा सदरा, हातात छत्री, पाऊस नसला तरी. त्यांच्या भावाच्या खुनाचा खटला तुम्ही चालवला होतात. पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. दारातच उभे राहून एकच विचारायचे, "साहेब, तो अजून आतच आहे ना?" तुम्ही "हो" म्हणायचात आणि ते जायचे. वर्षभराची बेगमी झाल्यासारखे.

खांगोश्विलीच्या घरच्यांना हा मोठा धक्का होता, असं त्यांच्या वकिलाने सांगितलं. शोल्त्स विमानतळावर गेले, ते योग्यच केलं. खांगोश्विलीच्या घरच्यांच्या दारात कोण गेलं? बेल्जियममध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला होता. पॅरिसजवळ इराणी विरोधकांच्या सभेत बॉम्ब ठेवण्याच्या कटात वीस वर्षांची शिक्षा झालेल्या असदी या इराणी अधिकाऱ्याला परत पाठवून इराणमध्ये अडकलेला आपला माणूस सोडवण्यासाठी सरकारने इराणशी करार केला. घटना न्यायालयाने करार राहू दिला, पण कैद्याला पाठवण्याआधी पीडितांना कळवलं पाहिजे, म्हणजे त्यांना दाद मागता येईल, असं बजावलं. मग मे 2023 मध्ये सरकारने असदीला सोडलं, ते करार बाजूला ठेवून, वेगळ्या घटनात्मक अधिकाराखाली. कळवावं लागू नये म्हणूनच हा आडमार्ग, असं मला वाटतं. माझा राग इथे आहे. माणूस द्या, पण ज्यांच्याकडून घेऊन देताय त्यांना टीव्हीवरून कळू देऊ नका. निदान एक माणूस दारात जाऊन उभा राहू दे, शिव्या खायला.

काल संध्याकाळी बागेतून येताना मी उतरून सायकल हातात धरून चालत आले. एका बाकावर दोन मुली मोबाइल बघून हसत होत्या. मी कुठे बघतेय हे त्यांना कळलं नाही.

तुम्हाला एक विचारायचंच राहिलं. त्या काकांच्या खटल्यातला आरोपी चौदा वर्षं पुरी झाल्यावर सरकारच्या माफीत सुटला, तेव्हा मी होस्टेलवर होते. त्यानंतरच्या दिवाळीला काका आले होते का? आणि त्यांनी नेहमीचं विचारलं, तेव्हा तुम्ही दारात काय सांगितलंत?

रविवारी फोन करते. आईला नमस्कार.

तुमची,
मेधा