करमत नाही म्हणालास म्हणून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रात्रीच्या गाडीवाल्याकडं पिशवी दिली आहे. आत दोन किलो जवारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आजीनं फडक्यात बांधून दिलेलं काहीतरी आहे, मी सोडून बघितलं नाही. पत्र पिठाच्या डब्यावरच ठेवलंय, म्हणजे आधी हे हाताला लागेल. फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि माझा आवाज बसतो, म्हणून लिहायला घेतलं.

येळवस, आपली शेतातली वेळ अमावास्या, होऊन अकरा दिवस झाले. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, पंगत बसली, तू शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीत बाजरीचा उंडा कुस्करलास आणि दोन घास खाऊन बांधावर जाऊन बसलास. मी आंबिलीचा तांब्या घेऊन मागं आले तर म्हणालास, "आई, कशातच करमत नाही." तुझे अण्णा म्हणतात, पोरगं थकलंय, झोपू दे. असेल थकलेलं. पण थकलेल्या माणसाला झोप झाली की भूक लागते. तू दुसऱ्या दिवशी उठलास तेव्हाही भाकरीचे तुकडेच मोडत बसला होतास.

करमत नाही म्हणताना आपल्याकडं कधी जागा असते, कधी माणूस असतो. सासरी करमत नाही, आजीशिवाय करमत नाही. 'कशातच' हा शब्द मी ओपीडीत पुष्कळ ऐकला, घरात नव्हता ऐकला. घरातलंही कुणी म्हणालं असेल, आपण ऐकलं नसेल.

ते असू दे. आधी कामाचं विचारते. आपल्या जिल्ह्यात आशाताई घरोघर जाऊन जे विचारतात तेच: झोप लागते का, की तीनला जाग येते? जेवण जातं का? पूर्वी आवडायचं ते आता बघावंसं वाटतं का? आणि हे रोज, दिवसातला बराच वेळ, असं सलग दोन आठवडे चाललंय का? दोन आठवडे हे माप मी काढलेलं नाही, डॉक्टर तेच धरतात. तेवढं झालं असेल तर भाकरी, मित्र, डायरी यांनी भागत नाही. मग डॉक्टरांकडं जायचं, जसं ताप उतरला नाही की जातो तसं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह कर. आणि मनात जिवाचं काही वेडंवाकडं आलं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच मिनिटाला त्यांना नाहीतर मला फोन करायचा, रात्रीचे दोन असले तरी. लिहिताना हात कापतो पण विचारायला घाबरायचं नसतं, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, हे मीच नव्या सिस्टरांना शिकवत आले.

तेवढं नसेल, नुसतं सगळं बेचव झालं असेल, तर पुढचं वाच.

मन लागलं की करू असं म्हणून माणूस बसतो आणि चुकतं ते इथंच. गाडी उलटी जुंपलेली असते. आधी हात हलवायचे, ठरलेल्या वेळेला, मन असो नसो. मन मागून येतं, कधी चौथ्या दिवशी, कधी दहाव्या. लोक काय करतात, एकदम वर्षाची जिमची फी भरतात, पाचचा गजर लावतात, तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मग 'मला काहीच जमत नाही' याची त्यात भर पडते. म्हणून काम असं धर की वीस मिनिटांत संपेल, शेवटी हातात काहीतरी दिसेल, आणि दोन्ही हात गुंततील म्हणजे मोबाइल धरता येणार नाही. मला असं एकच काम सापडलं. हसू नकोस. भाकरी.

पाणी उकळी फुटेपर्यंत तापव. कोमट चालत नाही, लोकांचं पहिलं चुकतं ते तिथं. गव्हात चिकटपणा असतो तसा जवारीत नसतो, उकळतं पाणी पडल्यावरच पिठाला चिकटी येते. एका भाकरीला एक वाटी पीठ, पाऊण वाटीच्या आतबाहेर पाणी, चिमूटभर मीठ. पाणी एकदम ओतू नको, चमच्यानं कालवत घाल, पाच मिनिटं झाकून ठेव. मग तळहाताच्या बुडानं रगड, तीन-चार मिनिटं, गोळा लोण्यासारखा लागेपर्यंत. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, चारांचं मळून ठेवलंस तर चौथी फुटते. परातीत कोरडं पीठ भुरभुरून बोटांनी थाप, भाकर आपोआप फिरत राहिली पाहिजे. कडा चिरल्या तर मळणं कमी पडलं. मळूनही चिरल्या तर पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटी, गेली, म्हणून दोनच किलो दिलंय. आठ-दहा दिवसांत संपव, फ्रिजमध्ये ठेव.

तवा चांगला तापलेला पाहिजे. पिठाची बाजू वर ठेवून टाकायची आणि लगेच वरून हातानं पाणी फिरवायचं. आता लक्ष दे, सगळी गंमत इथं आहे. पाणी ओलं असताना उलटलीस तर तव्याला चिकटते, पार वाळल्यावर उलटलीस तर तडे जातात. मधला एक क्षण असतो, चमक जाते पण ओल असते, तेव्हा उलट. दुसरी बाजू निबर झाली की पहिली बाजू थेट जाळावर धर. फुगली तर फुगली. पहिल्या पाच-सहा नकाशासारख्या होतील, त्या दुधात कुस्करून खा. त्या ओल्या क्षणाकडं बघताना माणसाला दुसरं काही आठवत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. सांगायला दोन परिच्छेद लागले.

आणि चार कर, दोन नको. चार केल्या की दोन कुणाला तरी द्याव्या लागतात. समोरच्या खोलीतला तो विदर्भातला मुलगा, त्याला हाक मार. एकटा जेवू नकोस रे. जेवताना समोर माणूस पाहिजे, व्हिडिओ नको.

मागं म्हणालास, पुण्यात मित्रच होत नाहीत, सगळे कामापुरते. तुझा स्वभाव बिघडलेला नाही, हिशेब बिघडलाय. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली हे तास मोजले: ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला पन्नासेक तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणायला नव्वद, जिवाचा मित्र व्हायला दोनशेच्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून नुसतं काम केलेले तास फारसे मोजत नाहीत. आता तूच गुणाकार कर. शाळेत एका बाकावर रोज सहा तास, दोन महिन्यांत दोनशे ओलांडले. तू आता महिन्यातून एकदा कुणाबरोबर हॉटेलात दोन तास बसतोस. त्या चालीनं आठ वर्षं लागतील. म्हणून 'भेटू कधीतरी' म्हणायचं नाही. वार ठरव, वेळ ठरव, जागा तीच ठेव. गुरुवारी साडेआठला भाकरी, इतकं साधं. दर वेळी नव्यानं ठरवावं लागलं की दोघांतला एक कंटाळतो, आणि तो बहुतेक तूच असतोस. एखाद्या गुरुवारी तो आला नाही तर रुसू नको, पुढच्या गुरुवारी परातीत पीठ तेवढंच पडू दे.

बघ, पुन्हा भिंतीवर आरोग्य शिक्षणाचा तक्ता लावल्यासारखं झालं. माफ कर.

कामाबद्दल तरी थोडंच लिहिते, मला त्यातलं कळत नाही. अण्णा मात्र बँकेच्या रांगेत अनोळखी माणसालाही सांगतात, हे ॲप आमचा पोरगा तपासतो. तू म्हणालास दिवसभर चुका शोधायच्या आणि शेवटी हातात काही नाही. आमचं लसीकरण तसंच. ज्या लेकराला गोवर झाला नाही त्याची आई पेढे घेऊन येत नाही. न घडलेली गोष्ट दिसत नाही, म्हणून आम्ही रजिस्टर भरतो. तूही भर. संध्याकाळी उठण्याआधी दोन ओळी: आज कोणती चूक सापडली आणि ती तशीच गेली असती तर कुणाचं काय अडलं असतं. तिसरी ओळ, उद्या सकाळी पहिलं काय उघडायचं. अर्धं राहिलेलं काम डोक्यात घेऊन माणूस घरी येतो, कागदावर उतरवलं तर तिथंच राहतं. चांगलं काय घडलं तेही लिही, पण आठवड्यातून एकदाच. रोज लिहिलंस तर हजेरीच्या सह्या होतात. आणि 'मित्र आहेत, तब्येत आहे' असलं मोघम नको. 'त्यानं शेवटचा ठेचा माझ्या ताटात टाकला' असं लिही.

लहानपणी तू येळवशीला कोपीभोवती आंबील शिंपडत पळायचास, "ओलगे ओलगे सालम पोलगे", अर्ध्या आंबिलीनं स्वतःच भिजायचास. यंदा आक्काच्या पोरानं शिंपडली. तू बघितलं नसशील, तुझी पाठ होती.

गहू ओंबीवर आलाय. विहिरीला पाणी आहे अजून. आजीचा गुडघा तसाच. तुला पाठवायच्या आधी मी पीठ दोनदा चाळलं, उगाच.

दोन आठवडे म्हणजे येत्या रविवारी होतात. त्या दिवशी मी फोन करीन, आणि तू हं-हं न करता त्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. चांगली द्यायची नाहीत, खरी द्यायची. नाहीतर मी पहाटेच्या गाडीत बसते, रजा शिल्लक आहे.

तुझी,
आई

ता.क. डबा आक्काचा आहे, परत पाठव. झाकण घट्ट बसतं, उघडताना तो समोरचा मुलगा असला तर बरं.