दारू ‘एका झटक्यात’ सोडवणाऱ्यांस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. ‘मनाचा निग्रह असेल तर दारू एका झटक्यात सुटते’ हे वाक्य तर चौकटीत, जाड ठशात! रोज पिणारा माणूस दारू सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी कसा दिसतो, हे लेखकमहाशयांनी पाहिलेलं नसावं. आम्ही पाहिलंय.

आमचे थोरले बंधू, आबा, वीस वर्षं रोज पीत. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली आणि पुरणाच्या मांड्यांच्या ताटावर तिने त्यांना दारू सोडायची आण घातली. आबांनी ती पाळली. पहाटे हात इतके थरथरायला लागले की चहा बशीत कमी, सदऱ्यावर जास्त. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच फिट आली. गावातल्या डॉक्टरांनी ‘अशक्तपणा आहे’ म्हणत ग्लुकोजची बाटली लावली. तिसऱ्या रात्री आबा गोधडीवरून मुंग्या वेचायला लागले. “ह्या मुंग्या कथाईन उन्यात?” म्हणजे कुठून आल्या, असं बहिणीलाच विचारत होते. मुंगी एकही नव्हती. म्हातारी मंडळी म्हणाली, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. आम्ही जीप करून मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे त्यांना खाटेला बांधावं लागलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते आजही पाठ आहे. दारू मेंदूला रोज दाबते, म्हणून मेंदू दाराला आतून खांदा लावल्यासारखा उलटा जोर लावून असतो. बाहेरचा जोर एकदम काढला की तो तोंडावर आपटतो. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून अशी दारू डॉक्टरांच्या नजरेखाली, झटके थांबवणारी औषधं देत आणि मग ती औषधं हळूहळू कमी करत सोडवायची. आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. निग्रह आबांकडे होता हो. त्या निग्रहानेच त्यांना खाटेला बांधायची वेळ आणली.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही मदत मिळते असं म्हटलंय. आपल्या लेखात हा आकडा नाही. ‘समाजाला लागलेली कीड’ मात्र दोनदा आहे.

बरं, त्याच अंकात आतल्या पानावर जाहिरात कोणती? ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा, पावडर भाजीत कालवा.’ वा! डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते, पण ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. आपल्या जाहिरातीतल्या पुडीत काय आहे, हे आपण तरी विचारलंत का? की जाहिरातीचे पैसे आले की भाजी आमची आणि जीवही आमचा?

त्या जागी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी, मोफत क्रमांक छापला असता तर चार ओळीही लागल्या नसत्या. चौकटीतल्या वाक्याची दुरुस्तीही तेवढ्याच जाड ठशात यावी, ही विनंती.

आपला एक जुना वाचक,
चोपडा

ता.क. रावेरचे केळीचे भाव आपण दोन दोन दिवस शिळे छापता. व्यापारी बांधावर येऊन आमच्याच पेपरातला जुना भाव आम्हाला दाखवतो. तेवढंही पाहावं.