शेलॅकच्या वहीत तोटा कुठे दिसला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिकागोच्या ‘शेलॅक’ या नॉईज रॉक बँडवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात हे नाव छापलेलं पाहून आधी फार आनंद झाला. पण लेखाचा सूर खटकला. तीन गुणी माणसं, बत्तीस वर्षं, अवघे पाच अल्बम (हा आकडाही चुकीचा, त्याबद्दल शेवटी) आणि गाजलेलं गाणं एकही नाही, म्हणजे त्यांनी संधी वाया घालवली, असं लेखकाचं म्हणणं. मी पेशाने लेखापाल आहे आणि गेली अकरा वर्षं तिघांच्या एका बँडमध्ये बास वाजवते. हिशेब माझ्या ओळखीचा आहे आणि गोंगाटही. लेखातला ताळेबंद मला चुकीचा वाटतो.

शेलॅक १९९२ च्या सुमारास सुरू झाला. गिटारवर स्टीव्ह अल्बिनी, ड्रम्सवर टॉड ट्रेनर, बासवर बॉब वेस्टन. अल्बिनी आणि वेस्टन दोघांचं पोट इतरांची गाणी रेकॉर्ड करण्याच्या कामावर चालायचं. ट्रेनर राहायचा मिनीयापोलिसला, म्हणजे शिकागोपासून साडेसहाशे किलोमीटरवर. बँडमधून घरखर्च निघाला पाहिजे ही अटच त्यांनी ठेवली नव्हती. त्यामुळे तिघांना सवड होईल तेव्हा तालीम, मन होईल तेव्हा दौरा आणि गाणी तयार झाली की रेकॉर्डिंग. शेवटचा ‘टू ऑल ट्रेन्स’ हा अल्बम २०१७ ते २०२२ या काळात चार वेगवेगळ्या वेळी, सुट्ट्या जोडून रेकॉर्ड झाला. लांबी जेमतेम अठ्ठावीस मिनिटं. अशा सवडीने काम करण्याला लेखात ‘आळस’ म्हटलंय. आठवडाभर दुसऱ्यांच्या वह्या तपासून रविवारी तालमीला जाणाऱ्या बाईला तो आळस वाटत नाही.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही तो भाग पैशांचा. ‘टच अँड गो’ या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीबरोबर त्यांचा लेखी करार नव्हता. रेकॉर्डचा खर्च आधी वळता करायचा आणि उरलेला नफा कंपनी आणि बँडने निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, इतकंच. याच्या उलट मोठ्या कंपन्यांची रीत. तिचा हिशेब अल्बिनीने १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकातल्या लेखात आकड्यांसह मांडला होता. अडीच लाख डॉलर आगाऊ मिळालेला, अडीच लाख प्रती विकलेला एक काल्पनिक बँड त्याने घेतला. त्यातून स्टुडिओ, निर्माता, व्यवस्थापक, वकील, व्हिडिओ, बस अशा रकमा एकेक करून वजा केल्या. शेवटी कंपनीला सुमारे सात लाख दहा हजार डॉलर आणि बँडमधल्या प्रत्येकाला वर्षाचे चार हजार एकतीस. शिवाय रॉयल्टीच्या खात्यात बँडच कंपनीचा देणेकरी. मी ती बेरीज-वजाबाकी स्वतः कागदावर करून पाहिली आहे. त्यात भावनेचा एक शब्द नाही, म्हणूनच ती अंगावर येते.

ती वाचण्याआधी आमच्या बँडने एक करार केला होता. कंपनीचं नाव घेत नाही. फोटो, व्हिडिओ, जाहिरात, सगळा खर्च ‘कलाकाराच्या हिश्श्यातून वसूल’ होणार होता, आणि तो किती करायचा हे ठरवणार कंपनी. मी दिवसभर लोकांचे करार वाचते, तरी त्या दिवशी आम्ही तिघांनी उभ्या उभ्या सह्या केल्या, कारण कोणीतरी आम्हाला विचारलं याचंच अप्रूप होतं. त्या नऊ गाण्यांचं मूळ रेकॉर्डिंग आजही आमच्या ताब्यात नाही. आमचंच रेकॉर्डिंग वापरायला आम्हाला परवानगी मागावी लागते.

तोंडी व्यवहारात धोका नसतो असं मी म्हणणार नाही. टच अँड गोवर तिच्याच एका जुन्या बँडने दावा लावला होता. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने बँडच्या बाजूने कौल दिला आणि नुसत्या शब्दावरचा करार बँड मोडू शकतो हे स्पष्ट झालं. कंपनीला तो निकाल जड गेला असेल. मला मात्र त्यात वाजवणाऱ्यांची सोय दिसते. विश्वास संपला की आपली गाणी घेऊन बाहेर पडता येतं. आम्हाला तेवढंच हवं होतं.

आता आवाजाबद्दल. लेखात ‘कर्कश’ हा एकच शब्द तीनदा आला आहे. अल्बिनीची ‘ट्रॅव्हिस बीन’ बनावटीची गिटार ॲल्युमिनियमच्या दांड्याची, पट्टा खांद्यावर न घेता कमरेला बांधलेला. तार छेडली की पत्रा कापल्यासारखा सूर उठतो, पण तो लगेच थांबतोही. आणि हे थांबणंच ऐकण्यासारखं आहे. वेस्टनचा बास जाडजूड, खरखरीत. ट्रेनरचा ड्रम इतका मोकळा, की खोलीच्या भिंती किती लांब आहेत ते कानाला कळावं. तिघं एकदम गप्प होतात आणि एकदमच परत येतात. आमच्या बँडमध्ये तशी एक शांतता जमवायला आम्हाला चार महिने लागले. गोंगाट कोणीही करेल, पण तो मध्येच तोडून सगळ्यांनी एकाच क्षणी पुन्हा उचलायला एकमेकांचा श्वास माहीत असावा लागतो. वर्षानुवर्षं तीच तीन माणसं असल्याचा फायदा इथे दिसतो. मंचावरही ड्रम्स मागे न ठेवता तिघं पुढे एका रांगेत उभे राहायचे.

एक नोंद मात्र माझ्याकडूनही झाली पाहिजे. शेलॅकच्या आधीच्या काळात अल्बिनीने स्वतःच्या एका बँडला जे नाव दिलं आणि जे काही लिहिलं-बोललं, ते बाई म्हणून मला आजही सहन होत नाही. आपण सुरक्षित जागी बसून बेपर्वाईने वागलो, हे त्याने २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. मी ते नाव विसरलेले नाही आणि ती कबुलीही विसरलेली नाही. त्याच्याबद्दल लिहायचं तर दोन्ही लिहायला हवं. आपल्या लेखात दोन्ही नाही.

लेखातल्या दोन चुका दुरुस्त कराव्यात ही विनंती. एक, अल्बम पाच दिले आहेत. ‘ॲट ॲक्शन पार्क’ (१९९४), ‘टेराफॉर्म’ (१९९८), ‘थाउजंड हर्ट्स’ (२०००), ‘एक्सलंट इटालियन ग्रेहाउंड’ (२००७), ‘ड्यूड इन्क्रेडिबल’ (२०१४) आणि ‘टू ऑल ट्रेन्स’ (२०२४), असे ते सहा आहेत. वगळला गेला आहे तो शेवटचा. अल्बिनी ७ मे २०२४ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी हा अल्बम आला.

दुसरी चूक मला जास्त लागली. ‘निर्वाणा’ या गाजलेल्या रॉक बँडचा १९९३ चा ‘इन यूटेरो’ हा अल्बम अल्बिनीने रेकॉर्ड केला होता. त्याची ‘रॉयल्टी त्याला जन्मभर पुरली’ असं छापलं आहे. त्याने ती घेतलीच नाही. एकरकमी मेहनताना घेतला आणि विक्रीतला वाटा नाकारला. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, असं त्याने त्या बँडला आधीच पत्राने कळवलं होतं. तो वाटा वाजवणाऱ्यांचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. कृपया ही दुरुस्ती मूळ लेखाइतक्याच मोठ्या टायपात छापावी.

आपली,
एक वाचक