शेवाळ कोणत्या खात्याचं, साहेब?

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

परवा शेवाळ वाढवायच्या शेडसाठीची माझी फाईल तिसऱ्यांदा परत आली. शेरा एका ओळीचा: ‘विषय या खात्याचा नाही.’ मार्चमधल्या मेळाव्यात माझ्या स्टॉलवरची निळी बाटली उन्हाकडे धरून तुम्हीच म्हणाला होतात, "बेन, महिन्याभरात शेड आणि थ्री-फेज वीज." महिना कोणत्या पंचांगातला, तेवढं विचारायचं राहिलं.

बाटलीत स्पिरुलिनाचा रंग होता, फायकोसायनिन. लोक शेवाळ म्हणतात, पण हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उन्हावर वाढतात. उकळीला हा निळा टिकत नाही, कबूल. पण अमेरिकेने 2013 मध्येच तो गोळ्या-च्युइंगगममध्ये चालवून घेतला. याच कुळातल्या काही जाती नत्राची उपासमार झाली की पोटात पीएचबी साठवतात. मातीतले जिवाणू खाऊन टाकतात असं प्लास्टिक! 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉ बंद केल्यात, पर्याय काय आभाळातून पडणार होता?

शेतीवाले म्हणतात, हे पीक नाही. मत्स्यवाले म्हणतात, हा मासा नाही. उद्योगवाले म्हणतात, आधी प्रदूषणाचं ना-हरकत आणा. मेमध्ये दुपारी वीज गेली, ढवळणारं चाक थांबलं, सगळी पिलावळ वर तरंगून उन्हात करपली. संध्याकाळी टाकीवर पिवळट फेस आणि कुजका वास. बादल्या भरभरून मी एकटीने उपसली. सव्वा लाख गेले की दीड, पावत्या जुळवायची हिंमत नाही. पाटल्या अजून बँकेतच आहेत. सासूबाई विचारतात, मी विषय बदलते.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, तिथे रंगाचं रसायनशास्त्र शिकवलं जाई. माझे आजेसासरे तिथलेच. आज पाद्रा तालुक्यातून कारखान्यांच्या सांडपाण्याचा कालवा थेट खंबातच्या आखाताकडे जातो. त्यांची ना-हरकत बरोबर निघते. माझं सोड्याचं पाणी तेवढं संशयास्पद. साहेब, तुमच्या राज्यात घाण करणाऱ्याला खातं आहे, न करणाऱ्याला नाही.

माझं खातं ठरवा आणि थ्री-फेज द्या. ते जमत नसेल तर तो बाटलीचा फोटो तुमच्या फेसबुकवरून काढा. दांडिया बाजारात भाजी घेताना लोक विचारतात, शेड कुठे झाली म्हणून.

आपली,
दांडिया बाजारातली ‘शेवाळवाली’