स्केच पुसण्याआधी

प्रिय सुहास,

तुझा निरोप वाचला. "स्केच डिलीट होत नाही, आणि झालंच तर सगळं मॉडेल लाल होतं." या एका वाक्यात दोन वेगळे आजार आहेत. (स्केच म्हणजे ज्या सपाट रेखाकृतीवरून घन आकार उभा राहतो ती, आणि लाल म्हणजे बिघाडाची खूण.) तू दिवसभर सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर असतोस म्हणून आधी त्याचंच लिहितो, घरच्या फ्यूजन आणि फ्रीकॅड या तसल्याच सॉफ्टवेअर्सचं शेवटी.

होतच नाही, हा सोपा प्रकार. वरच्या उजव्या कोपऱ्यात स्केचचं चिन्ह आणि लाल फुली दिसत असेल तर स्केच अजून उघडं आहे, आणि उघडं स्केच ट्रीमधून, म्हणजे डावीकडच्या पायऱ्यांच्या यादीतून, उडवता येत नाही. आधी बाहेर पड, मग डिलीट दाब. बाहेर पडताना लाल फुली मात्र दाबू नकोस, नाहीतर स्केच उघडल्यापासून केलेलं सगळं जाईल. स्केच असेंब्लीतल्या (अनेक भाग जोडलेल्या फाईलमधल्या) एखाद्या पार्टचं असेल तर तो पार्ट वेगळा उघड किंवा एडिट पार्टमध्ये जा. दुसऱ्या फाईलमधून इन्सर्ट केलेल्या पार्टचं असेल तर इथे डोकं आपटून उपयोग नाही, मूळ फाईलच उघडावी लागेल. आणि पूर्ण स्केच नव्हे, त्यातली रेघच जात नसेल तर ट्रीमध्ये नावाशेजारी डिराइव्ड असं लिहिलंय का बघ. तसलं स्केच हे दुसऱ्या स्केचची सावली असतं, त्यातली रेघ पुसताही येत नाही आणि नवी घालताही येत नाही. राइट क्लिक करून अंडिराइव्ह केलंस की ते मोकळं होतं, पण मग मूळ स्केच बदललं तरी हे बदलणार नाही.

कधी उलटंही होतं: फीचर, म्हणजे मॉडेल घडवणारी एखादी पायरी (उंचवटा, भोक, गोलाई), उडवलं आणि स्केच तसंच उरलं. डिलीट करताना येणाऱ्या चौकटीत दोन टिका असतात. एक फीचरच्या पोटातल्या स्केचसाठी, दुसरी त्याच्यावर उभ्या असलेल्या चाइल्ड फीचर्ससाठी. पहिली टिक नसेल तर स्केच ट्रीमध्ये मागे राहतं. ही चूक नव्हे, सोय आहे, कारण पुष्कळदा तेच स्केच पुन्हा वापरायचं असतं. दुसरी टिक मात्र न वाचता ठेवलीस तर एका बॉसबरोबर (उंचवट्याबरोबर) पुढची दहा फीचर्स जातील. त्याच चौकटीत सोबत जाणाऱ्यांची यादी येते. ती वाचायला दहा सेकंद लागतात, आणि लोक नेमकी तीच वाचत नाहीत. स्केचच्या चिन्हाखाली हात दिसला तर ते एकाहून जास्त फीचर्स मिळून वापरतात, तिथे जास्तच जपून.

आता खरं दुखणं. एक पट्टी घे, ६० बाय ४० मिमी, जाडी ८. पहिल्या स्केचमध्ये आयत. दुसऱ्या स्केचमध्ये एम-५ बोल्टसाठी ५.५ मिमी व्यासाची चार भोकं, जवळच्या कडांपासून १० मिमीवर. शेवटी चार उभ्या कोपऱ्यांना ५ मिमीचं फिलेट, म्हणजे गोलाई. पुढे ठरलं की डावी बाजू सरळ नको, गोलाईची हवी. तू पहिलं स्केच उघडतोस, डावी रेघ पुसतोस, तिथे कंस काढतोस. डोळ्यांना बदल एवढासा दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी डावी कड मेली. त्याच्या नोंदीत "डावीकडची कड" असं काही नसतंच, "अमुक रेघेतून निघालेली कड" असं असतं. ती रेघ गेली की डावीकडची दोन फिलेट्स बोंबलतात आणि डाव्या भोकांची मापं डँगलिंग होतात, म्हणजे आधार तुटून तपकिरी रंगाची.

म्हणून आधी पुसू नकोस. नवा कंस जुन्या रेघेच्या शेजारी काढ, जुन्या रेघेवर राइट क्लिक करून रिप्लेस एंटिटी घे आणि कंस दाखव. तिथेच जुनी रेघ कन्स्ट्रक्शन (आकार न घडवणारी, नुसती मदतीची) करायचा पर्याय मिळतो. अशानं पुढची नाती नव्या रेघेकडे जातात आणि फिलेट्स बहुतेकदा जागेवर राहतात.

भोकांची मापं मात्र हातानं बघावी लागतील, कारण कंसाला दिलेलं माप एरवी त्याच्या केंद्रापासून धरलं जातं आणि १० चा अर्थच बदलतो. डावी भोकं उजव्या कडेपासून ५० वर घे. आयत ओरिजिनवर (शून्यबिंदूवर) मधोमध असेल तर त्याहून बरं: मध्यापासून आडवं २० आणि उभं १०. मग कुठलीही बाजू बदलली तरी भोकं हलत नाहीत.

रेघ पुसून झालीच असेल तर पहिला उपाय कंट्रोल-झेड. फाईल बंद केलीस की तो रस्ता संपला, म्हणून असल्या प्रयोगाआधी एक प्रत वेगळ्या नावानं ठेव. मग दुरुस्ती वरून खाली कर. ट्रीमधला रोलबॅक बार, ज्याच्या खालची फीचर्स तात्पुरती बाजूला राहतात, तो पहिल्या लाल फीचरच्या खाली आण, तेवढंच नीट कर, बार एक पायरी खाली, पुन्हा तेच. पुष्कळदा वरचं एक सुधारलं की खालची पाच आपोआप शांत होतात. तपकिरी मापावर क्लिक केलंस की टोकाला लाल ठिपका येतो, तो ओढून नव्या कडेवर सोड. नाती बघायला डिस्प्ले-डिलीट रिलेशन्समध्ये डँगलिंगचा गाळणा लाव. शेवटी कंट्रोल-क्यू, म्हणजे सगळं मुळापासून रीबिल्ड होतं, पुन्हा नव्यानं घडतं.

आणि कशावर काय उभं आहे हे आधीच कळायला हवं असेल तर राइट क्लिक, पेरेंट-चाइल्ड. शंका असली तर फीचर नुसतं सप्रेस, म्हणजे तात्पुरतं बंद, करून बघ. जे जे सोबत करडं पडतं, ते ते डिलीटमध्ये धोक्यात.

फ्यूजनमध्ये स्केच गायब झाल्यासारखं वाटलं तर आधी ब्राउझरमधला (त्याच्या डावीकडच्या यादीतला) डोळा बघ. एक्स्ट्रूड केल्यावर, म्हणजे स्केचला जाडी दिल्यावर, ते आपोआप लपतं, आणि स्केचेसच्या फोल्डरचाच डोळा बंद असेल तर आतल्या एकेकाचा उघडून काही होत नाही. स्केच खरंच उडालं असेल तर टाइमलाइनवरचं (खालच्या पायऱ्यांच्या पट्टीवरचं) फीचर पिवळं किंवा लाल होतं. ते एडिट करून प्रोफाइल, म्हणजे स्केचमधली बंद आकृती, पुन्हा निवड. जांभळ्या रेघा प्रोजेक्ट केलेल्या, म्हणजे दुसऱ्या कडेवरून उतरवलेल्या, असतात, त्यांच्या मूळ कडेला हात लावायचा असेल तर आधी ब्रेक लिंक कर. बॉडी (घन भाग) घालवताना डिलीट आणि रिमूव्ह यांत गल्लत करू नकोस: रिमूव्ह टाइमलाइनवर एक नवी पायरी टाकतं आणि मागचा इतिहास शाबूत ठेवतं.

फ्रीकॅडमध्ये पॅडखालचं (जाडी देणाऱ्या फीचरखालचं) स्केच उडवताना अवलंबून असलेल्या गोष्टी मोडतील अशी सूचना येते. ती आली की रद्द कर आणि आधी पॅड काढ. मॉडेल बदललं की कडांची आतली नावं आपोआप बदलण्याचा त्याचा जुना त्रास नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. तेव्हा स्केच शक्यतो पृष्ठभागावर न चिकटवता मूळ प्रतलांवर किंवा डेटम प्लेनवर (स्वतः मांडलेल्या प्रतलावर) ठेव. बाहेरच्या भूमितीमुळे स्केच अडकलं असेल तर व्हॅलिडेट स्केच चालव, तुटलेली नाती तिथून काढता येतात.

एवढं करूनही फाईल लालच राहिली तर सॉलिडवर्क्सचं पॅक अँड गो करून, म्हणजे जोडलेल्या फाईल्स एकत्र बांधून, पाठव. नुसता स्क्रीनशॉट नको, त्यात ट्री उघडून तपासता येत नाही.

तुझा,
मिलिंद